हॉट योगात उष्ट्रासनानंतर डोळ्यांपुढे अंधारी: माझा अनुभव

तीस दिवस रोज हॉट योगा करायचा ठरवलं होतं. 26 आसनं, 90 मिनिटं, खोली साधारण 40 अंश सेल्सियसला. पाचव्या दिवसापासून उष्ट्रासनातून (गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकायचं, हात टाचांवर) वर येताना डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि दुपारी कपाळ ठणकायचं.

वर्गाच्या तोंडावर लिटरभर पाणी ढोसलं, तर पोटात नुसतं डुचमळलं. उपाशी गेलो, तर आणखी वाईट. दातओठ खाऊन रेटलं आणि अकराव्या दिवशी चटईवरच आडवा झालो. जाम वैतागलो.

जमलं ते असं. हलकं खाणं तीन तास आधी. दोन तास आधी अर्धा लिटर पाणी, वर्गात फक्त घोटभर. नंतर ओआरएस, कारण घामातून मीठही जातं. (रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

पण खरी मेख आसनातून उतरण्यात होती. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, त्यात झटक्यात उठलं की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. म्हणून आधी एक हात कमरेवर, मग दुसरा. श्वास घेत छाती वर, मान सगळ्यात शेवटी. लगेच वज्रासनात, डोळे उघडे ठेवून पाच संथ श्वास. तरी गरगरलं तर पुढचं आसन सोडायचं, बसून राहायचं.

समोर आरसा, बाकी सगळे आसनात आणि आपण नुसते बसलेले, हे मला उष्ट्रासनापेक्षा जड गेलं. चौदाव्या दिवसापासून अंधारी नाही. तिसाव्या दिवशीही दोन आसनं बसूनच काढली.