गूगलवर जाहिरात देताना पैसे वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

नागपुरात ऊन तापू लागले की कूलर विकणारे आणि दुरुस्त करणारे अनेक व्यावसायिक गूगलवर जाहिरात सुरू करतात. क्लिक मिळतात, पैसे कापले जातात, पण फोन मात्र वाजत नाही. अशा वेळी बजेट वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानण्यापूर्वी आपली जाहिरात नेमक्या कोणत्या शोधांवर दिसली, हे तपासणे अत्यावश्यक आहे.

आपण निवडलेला कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसावी असे आपण गूगलला सांगतो ते शब्द, आणि ग्राहकाने प्रत्यक्षात टाइप केलेले शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कीवर्ड कोणत्याही चिन्हाविना लिहिला, तर तो ब्रॉड मॅच धरला जातो आणि गूगल त्याचा अर्थ बराच सैल लावते. त्यामुळे ‘कूलर’ एवढाच कीवर्ड ठेवणाऱ्या दुकानाची जाहिरात संगणकाचा सीपीयू कूलर शोधणाऱ्यालाही दिसू शकते, आणि कूलरची मोटर घरच्या घरी कशी बदलावी हे पाहणाऱ्यालाही. सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये असे शोध दिसतात; निदान सुरुवातीच्या आठवड्यांत तो दर दोन-तीन दिवसांनी वाचावा. मुख्य कीवर्ड “कूलर दुरुस्ती” असा दुहेरी अवतरणचिन्हांत, म्हणजे त्याच अर्थाच्या शोधांपुरत्या मर्यादित फ्रेज मॅचमध्ये द्यावा आणि नको असलेले शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकावेत. मात्र निगेटिव्ह कीवर्डला समानार्थी शब्द लागू होत नाहीत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘नोकरी’ वगळले म्हणून ‘जॉब’ वगळला जात नाही. दोन्ही शब्द, आणि त्यांची रोमन लिपीतील रूपेही, स्वतंत्रपणे द्यावी लागतात.

दुसरी चूक ठिकाणाची. नागपूर निवडले तरी मूळ सेटिंगनुसार नागपुरात ‘रस’ दाखवणाऱ्या, म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसालाही जाहिरात दिसते. दुरुस्तीच्या व्यवसायाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तेथे प्रत्यक्ष उपस्थितीचा पर्याय निवडावा. बेसा किंवा मनीषनगरात फ्लॅट विकणाऱ्याने मात्र हे सेटिंग घाईने बदलू नये, कारण बाहेरगावी नोकरी करणारे नागपूरकर हे त्याचे खरे ग्राहक असू शकतात.

सर्वांत महागात पडते ती कन्व्हर्जनची, म्हणजे जाहिरातीतून घडलेल्या अपेक्षित कृतीची, चुकीची मोजणी. वेबसाइटचे एखादे पान उघडले एवढ्यावरच कन्व्हर्जन मोजले, तर स्वयंचलित बोली (प्रत्येक क्लिकसाठी किती पैसे लावायचे हे गूगलने ठरवण्याची पद्धत) नुसती पाने उघडणारी माणसे शोधत राहते आणि अहवाल उत्तम दिसत असताना गल्ला रिकामा राहतो. मोजायचे ते भरलेले फॉर्म आणि किमान काही काळ चाललेले फोन.

सर्च मोहिमेत, म्हणजे शोधाच्या निकालांत दिसणाऱ्या जाहिरातींत, डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवर जाहिरात दाखवण्याची) खूण आधीपासूनच केलेली असल्यास ती काढावी. एखाद्या दिवशी दैनिक बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याला मात्र तो साधारणपणे त्याच्या ३०.४ पटींच्या आत राहतो. त्यामुळे एका दिवसाचा आकडा पाहून मोहीम बंद करू नये. हिशेबात १८ टक्के जीएसटीही धरावा.

दुरुस्तीच्या जाहिरातीवरून आलेला ग्राहक वेबसाइटच्या मुखपृष्ठावर नव्हे, थेट दुरुस्तीच्या पानावर पोहोचला पाहिजे. तेथे फोन नंबर, सेवा मिळणाऱ्या वस्त्या आणि तपासणीचे शुल्क मोबाइलवर स्क्रोल न करता दिसावे. रात्री फोन उचलायला कोणी नसेल, तर त्या वेळेपुरती जाहिरात बंद ठेवावी.