बडोद्याच्या उन्हाळ्यात फिल्म धुताना

मे महिन्यात दांडिया बाजारातल्या आपल्या घरांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, आणि डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, वेळा मात्र २० अंशांसाठी छापलेल्या असतात. म्हणून इथे डी-७६ हा डेव्हलपर नेहमी १+१, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून, वापरा. एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला पाणी न मिसळलेल्या मूळ द्रावणात साडेसात मिनिटं लागतात, १+१ मध्ये ११. ही जास्तीची मिनिटंच कामी येतात: २४ अंशांवर वेळ साधारण ३० टक्क्यांनी घटते, तरी पावणेआठ उरतात. पाच मिनिटांखाली गेलात की फोटोतल्या आकाशात डाग-पट्टे दिसण्याची भीती असते.

परातीत माठाचं पाणी घ्या, डेव्हलपरची बाटली त्यात ठेवा, बर्फ त्या पाण्यातच टाका, डेव्हलपरमध्ये कधीच नाही. फिक्सरची (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाची) बाटलीही त्याच परातीत ठेवा आणि शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच तापमानाला आणा, नाहीतर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला, सुरकुत्या पडू शकतात. डेव्हलपर ओतल्यावर पहिले १० सेकंद फिल्मची बंद टाकी चारदा उलटी-सुलटी करा, पुढे दर मिनिटाला तसंच. वापरलेलं १+१ ओतून द्या.

वर्षातून चारच रोल धुणाऱ्यांनी रोडिनाल हे दुसरं डेव्हलपर घ्यावं. ते वर्षानुवर्षं टिकतं. फोटोत दाणा (बारीक ठिपक्यांचा पोत) मात्र ठळक येतो. मला तो पोर्ट्रेटमध्ये आवडत नाही, जुन्या वाड्यांच्या भिंतींवर फार शोभतो.