सेकंड हँड पॅराग्लायडर घ्यायचा तर आधी कापडाला तोंड लावा

गोव्यात पेडण्याच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. मे-जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म, चवथीआधी कपड्यांची झुंबड, एरवी पँटीची उंची कमी करणं आणि झिप बदलणं. 2011 च्या हिवाळ्यात हरमलला राहिलेला एक परदेशी पाहुणा काखेत गाठोडं मारून दुकानात आला. फाटलंय, शिवून दे, म्हणाला. गाठोडं सोडलं तर आत पॅराग्लायडरची विंग, म्हणजे माणसाला हवेत तोलणारा कप्प्याकप्प्यांचा दुपदरी कापडी पंख, आणि तिला वीतभर फाट. मी बाबांच्या उषा मशीनवर दुहेरी शिलाई मारली, इतकी सरळ की मीच दोनदा निरखून पाहिली. शंभर रुपये घेतले.

त्या कापडाचं याहून वाईट करता आलं नसतं, हे मला चार वर्षांनी कळलं. सुईच्या भोकांची रांग म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड, ताण आला की तिथूनच टरकणार. नशीब, पुढच्या हिवाळ्यात तोच माणूस हरमलच्या वाटेवर धडधाकट दिसला होता.

हे सांगायचं कारण असं की दर मार्चमध्ये सीझन संपत आला की परतणारे पाहुणे सामान हलकं करतात. विमानात वीस किलोचं बोचकं नेण्यापेक्षा विंग इथंच विकून टाकतात. मग गावातली पोरं माझ्याकडे येतात, “मामा, तीस हजारांत देतोय, घेऊ काय?” प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, शिकल्याशिवाय विंग घेऊ नका. केरीच्या सड्यावरून लोक उडताना बघितले की वाटतं यात काय आहे, वारा वर उचलतो आणि माणूस खुर्चीत बसतो. मी 2015 मध्ये दुकान आठवडाभर बंद ठेवून लोणावळ्याजवळ कामशेतला शिकायला गेलो. पहिले दोन दिवस तर एकदाही पाय जमिनीवरून सुटले नाहीत. नुसती विंग डोक्यावर उभी करायची आणि धरून ठेवायची. गुडघे फुटले. पण तेव्हा हाताला जे वळण लागलं, त्यावर आजवर निभावलंय. कामशेतला पायथ्याशी मोकळी शेतं आहेत, चूक झाली तर चिखलात पडता. केरीला खाली खडक आणि समुद्र. शिकाऊ माणसाने पहिली उडी इथं मारू नये.

दुसरी, विंगच्या शिवणीत आत एक छापील पट्टी असते. तिच्यावर वजनाची हद्द आणि वर्ग लिहिलेला असतो. वजन म्हणजे तुमचं, हार्नेसचं (ज्यात बसतो ती पट्ट्यांची खुर्ची), हेल्मेट, बूट, खुद्द विंगचं, सगळं मिळून. हद्दीच्या खाली असाल तर विंग वाऱ्यात मऊ पडते आणि लवकर मिटते, वर असाल तर सगळं वेगाने घडतं. वर्ग युरोपीय चाचणीचे: ए, बी, सी, डी. नवख्याने ए घ्यावी, फार तर शांत स्वभावाची बी. सी-डी कितीही स्वस्त मिळाली तरी हात जोडावेत. पट्टी कापलेली असेल तर पुढे बोलूच नका.

आता कापड. रंग उतरलाय का हे सगळे बघतात. त्याने थोडंफार कळतं, पण मुख्य गोष्ट निराळी. हे नायलॉन विणलेलं असतं आणि त्यावर लेप असतो, तो लेप हवा अडवतो. ऊन, वाळू आणि घडीवर घडी यांनी लेप झिजतो, कापड दिसायला तसंच राहतं आणि हवा आरपार जायला लागते. विंगचा वरचा पदर, पुढच्या कडेजवळचा मधला भाग, तिथं ऊन आणि ताण सर्वांत जास्त. तिथलं कापड एका पदरात धरा, ओठ घट्ट लावा आणि जोरात फुंका. चांगल्या कापडातून काही जात नाही, गाल फुगतात. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर विंग परत द्या. मग टोकाकडच्या कापडावर तेच करून बघा, फरक ओठांना कळतो.

ही झाली दारातली परीक्षा. खरी परीक्षा वर्कशॉपमध्ये यंत्रावर होते. ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. नव्या कापडाला शेकडो सेकंद, आणि दहा-पंधरावर आलं की त्या विंगचं आयुष्य सरलं. शिवाय कापडात सुई खुपसून 600 ग्रॅमपर्यंत ताण देतात आणि भोक वाढतं का बघतात. माझ्या आईने हे ऐकलं तेव्हा म्हणाली, “म्हातारें कापड आमी दातांनी पळयताले.” म्हणजे जुनं कापड आम्ही दातांनी पारखायचो. तिचं चुकलं नव्हतं.

हवा झिरपणारी विंग उडत नाही असं नाही, म्हणून तर माणूस फसतो. ती उडते. फक्त उभी करताना डोक्यावर यायच्या आधी मागे रेंगाळते, आणि हवेत ब्रेक, म्हणजे विंगची मागची कड खाली खेचणाऱ्या हातातल्या दोऱ्या, जरा जास्त ओढले की पुढे सरकायचं सोडून सरळ खाली बसायला लागते. विकणाऱ्याला सांगा, किनाऱ्यावर मंद वाऱ्यात माझ्यासमोर उभी करून दाखव. रेंगाळली आणि तो वाऱ्याला दोष द्यायला लागला, तर चहा पाजून निरोप घ्या.

दोऱ्या. आम्ही लाइनच म्हणतो. जातकुळी दोन. पिवळसर गाभ्याची ॲरामिडची लाइन लांबीला इमानी, पण एकाच जागी वारंवार मुडपली की आतून तुटते. बाहेरचं वेष्टण नवं दिसतं आणि आत चार धागे उरलेले असतात. चिमटीत धरून पूर्ण लांबी बोटांतून सोडा, कुठे मऊ किंवा बारीक लागली तर तिथं थांबा. पांढऱ्या गाभ्याची डायनिमा मुडपायला चिवट, पण ती आखडते. यातली मेख समजून घ्या. पुढच्या लाइनवर वजन जास्त येतं म्हणून त्या ताणलेल्या राहतात, मागच्यांवर कमी म्हणून त्या हळूहळू आखडतात. मागची बाजू आखूड झाली की विंगचं नाक वर होतं, ती मंदावते आणि पडण्याच्या बेतात उडते. एकही टाका उसवलेला नसताना विंग बिघडलेली असते. घरी एवढं करा: डावी-उजवी तीच लाइन एकत्र धरून जुळवा. खरं माप वर्कशॉपने ठरलेल्या ताणावर घ्यायचं, कंपनीच्या तक्त्याशी ताडून. शंभर तास किंवा दोन वर्षं, जे आधी होईल तेव्हा ही तपासणी करायचीच. विकत घेतानाच तिचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मी 2016 मध्ये चाळीस हजारांची विंग तेहतीसला आणली ती याच हिशेबावर.

आता माझा प्रांत, दुरुस्ती. शिंपी असून सांगतो, मशीन झाकून ठेवा. शिवणीपासून आणि लाइनच्या टाक्यांपासून लांब असलेली चार बोटांपर्यंतची फाट असेल तर चिकट ठिगळ लावायचं. त्याच जातीचं, मागे गोंद असलेलं रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू न देणाऱ्या विणीचं कापड मिळतं. फाटीच्या कडा जुळवा, खाली गुळगुळीत पाट ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. ठिगळ फाटीच्या चहूकडे इंचभर मोठं कापा आणि कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा घडी घालताना अडकतो आणि तिथून सुटायला लागतो. एक आतून, एक बाहेरून, आणि दोन्हींची मापं वेगळी, म्हणजे कडा एकावर एक येत नाहीत. मग चमच्याच्या पाठीने घासा. इस्त्री अजिबात नाही. फाट शिवणीवर गेली असेल, लाइनजवळ असेल किंवा कप्प्यांमधल्या आतल्या पडद्याला असेल तर ते काम वर्कशॉपचं. तिथला कारागीरही मशीनवरच शिवतो, पण कुठल्या दोऱ्याने, किती लांबीच्या टाक्याने, हे त्याच्यापुढे लिहिलेलं असतं. माझ्यापुढे 2011 मध्ये फक्त माझी हौस होती.

गोव्यात विंगला उडण्यापेक्षा घरीच जास्त मार बसतो. किनाऱ्यावर उतरलात की विंगच्या पुढून उघड्या कप्प्यांत वाळू जाते. विंगची पुढची तोंडं खाली करून झटका, टोकांना कचरा काढायची फट असेल तर ती उघडा. वाळू आत ठेवून घडी घातली तर प्रत्येक घडीला पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होतं. सड्यावरची चिऱ्याची खडी त्याहून धारदार. तिथं विंग ओढत नेऊ नका, फुलासारखी गोळा करून उचला. विंग समुद्रात बुडालीच तर पाण्याने भरलेली असताना लाइन धरून ओढू नका, आतल्या पाण्याच्या भाराने शिवणी फाटतात. मागच्या कडेने धरा, पाणी पुढच्या तोंडांतून जाऊ द्या, मग विहिरीच्या गोड्या पाण्यात बुचकळून काढा. साबण नको. वाळवायची सावलीत. मीठ राहिलं तर सुकल्यावर त्याचे खडे होतात आणि ते धागे कापतात.

घडी घालण्याआधी कप्प्यांत जिवंत काही नाही ना बघा. एकदा मी घाईत नाकतोडा आत बांधला. पंधरा दिवसांनी उघडली तर रुपयाएवढं भोक आणि शेजारी मेलेला नाकतोडा. जून ते सप्टेंबर उडणं बंदच. तेव्हा विंग घट्ट बांधून प्लॅस्टिकमध्ये कोंडली तर बुरशी आलीच म्हणून समजा. मी जुन्या सुती चादरीची मोठी पिशवी शिवलीय, त्यात सैल भरतो आणि वाशाला टांगतो, उंदरांपासून लांब. पाऊस उघडला की सोप्यावर पसरून हवा देतो. पेट्रोलचा कॅन, रंग, बॅटरी यांच्या खोलीत विंग नको.

रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीची छत्री, ती निदान वर्षातून एकदा उघडून, हवेला लावून पुन्हा घडी करायची. आपल्या दमट हवेत मी सहा महिन्यांनी करतो. पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या, आणि घडी उलगडण्यापूर्वी हार्नेसमध्ये लटकून हँडल स्वतः ओढून बघा. माझ्या जुन्या हार्नेसचा वेल्क्रो इतका आवळला होता की दोन हातांनी सुटला. वर असतो तर एक हात ब्रेकवर असता.

उरलं उडणं. केरी-हरमलच्या मधला डोंगर पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, म्हणून दुपारचा खारा वारा त्यावर आपटून वर चढतो आणि आपण त्या चढत्या पट्ट्यात इकडून तिकडे फिरतो. सकाळी मतलई वारे जमिनीकडून येतात, तेव्हा विंग पिशवीतून काढूच नका. कड्यावर वारा ताशी 12 ते 20 किलोमीटर असेल तर उडा. 25 च्या पुढे मी बसून राहतो. साध्या विंगचा स्वतःचा वेग पस्तीस-चाळीसच्या आसपास, झुळूक जोरात आली की पुढे जायला काही उरत नाही आणि कड्यामागे ढकलले जाता. तिथं हवा भोवऱ्यासारखी फिरते. मला वाऱ्याचं यंत्र काढायचीही गरज पडत नाही: तेरेखोल नदीच्या मुखाकडे लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले की मी थर्मास उघडतो.

वळण नेहमी डोंगरापासून दूर, समुद्राकडे. समोरून दुसरा आला आणि डोंगर तुमच्या उजव्या हाताला असेल तर वाट तुमची, त्याने बाहेर सरकायचं. जानेवारीत गर्दी असते, सगळ्यांना हा नियम येतो असं धरून चालू नका. डोंगर ठेंगणा आहे, म्हणून रिझर्व्ह उघडायलाही उंची कमी मिळते. इथं कलाबाजी नको.

उतरायच्या जागेसाठी भरतीचं वेळापत्रक बघा. पूर्ण भरतीला केरीचा किनारा चिंचोळा होतो आणि मागे सुरूची झाडं. पाण्यात पडणार असं दिसलं तर टेकायच्या आधी छातीचा पट्टा सोडून ठेवा, पायांचे पडल्याबरोबर. हार्नेसच्या पाठीत फोम असतो, तो तरंगतो आणि तुमचं तोंड पाण्यात दाबतो. लाइन कापायचा आकड्याचा चाकू हाताला येईल असा बांधा.

एक विनंती. दोन वर्षं उडलात की कुणीतरी म्हणेल, पर्यटकाला बसव, पैसे सुटतील. टँडेमचं, म्हणजे एका विंगवर दोघांनी उडायचं, शिक्षण वेगळं, परवाना वेगळा. जानेवारी 2025 मध्ये याच केरीच्या सड्यावर पुण्याहून आलेली एक तरुणी आणि तिला उडवणारा पायलट, दोघंही गेले. मी त्या दिवशी दुकानात होतो. संध्याकाळी बाजारात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

माझी तेहतीस हजारांची विंग 2022 मध्ये यंत्रावर अकरा सेकंदांना आली. विकायला काढली असती तर दहा हजार सहज मिळाले असते, रंग तसा बरा होता. मी त्याच रात्री कात्री घेऊन सगळ्या लाइन कापल्या, नाहीतर कुणीतरी ती उडवलीच असती. कापडाच्या बाजारच्या पिशव्या शिवल्या, निळ्या-नारिंगी, एकेचाळीस झाल्या. काउंटरच्या मागे अजून चार शिल्लक आहेत. मासळी नेऊ नका तेवढी, पाणी गळतं.