अध्यापक विद्यालयाचा ब्लॉग, तीन मिनिटांची क्लिप आणि ग्रुप : विदर्भातल्या खेड्यापाड्यात हे चालवायचं कसं

छात्राध्यापकांना (शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांना) ब्लॉग लिहायला लावणं, पाठांचे व्हिडिओ काढणं, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करणं हे बहुतेक अध्यापक विद्यालयांत एकदा तरी होऊन गेलेलं असतं. मग ब्लॉगवर वृक्षारोपणाचे फोटो उरतात आणि ग्रुपवर सुप्रभात आणि परिपत्रकं. दोष नेटवर्कला दिला जातो, पण धारणी किंवा एटापल्लीत रेंज नसली तरी खरं कारण बहुधा वेगळं असतं : तिन्ही साधनं तीन वाटांनी जातात. क्लिप काढायची ती पुरावा म्हणून, ग्रुप त्या पुराव्यावर बोलायला, आणि बोलण्यातून जे हाती लागलं ते टिकवायला ब्लॉग. तिन्ही एकाच पाठाला, शक्यतो एकाच मुलाच्या एकाच चुकीला बांधली की कामाला लागतात.

उदाहरणादाखल दुसरी-तिसरीतली नेहमीची चूक घेऊ. ५२ वजा २७, आणि पाटीवर उत्तर ३५. खाली हीच चूक क्लिप, ग्रुप आणि ब्लॉग या तिन्हीतून नेली आहे.

कधी सुरू करायचं

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पहिले काही आठवडे प्रवेश, पुस्तकं आणि गणवेशात जातात. जुलै-ऑगस्टमध्ये भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची रोवणी असते, दिवाळीच्या मागेपुढे वऱ्हाडात कापूस वेचणी, मार्च-एप्रिलमध्ये जंगलपट्ट्यात मोहफुलं. या दिवसांत मुलांची हजेरी घसरते. सोमवारी ज्या मुलाची चूक टिपली तेच मूल पुढच्या आठवड्यात वर्गात नसेल, तर फेरपाठ कोणासोबत घेणार? म्हणून पोळा झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मार्चपासून सकाळची शाळा लागते, तासिका आखडतात, तेव्हा नवीन काही सुरू करू नये.

गट लहान ठेवा : आठ ते दहा छात्राध्यापक, एक अध्यापकाचार्य (त्यांना शिकवणारे प्राध्यापक) आणि सराव शाळांमधले दोन अनुभवी शिक्षक. संख्या याच्या बरीच पुढे गेली की चौघेच बोलतात आणि बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात.

क्लिप

सूक्ष्म अध्यापनाचं चक्र सगळ्यांना पाठ असतं : ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटं पुनर्नियोजन, ६ मिनिटं फेरपाठ, ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६. तेच चक्र इंटर्नशिपच्या खऱ्या वर्गात आणायचं, फक्त मधली प्रत्याभरणाची आणि नियोजनाची मिनिटं आठवडाभरावर पसरतात. पाठ सहा मिनिटांचा असला तरी ग्रुपवर जाणारी क्लिप तीन मिनिटांच्या वर नको. लांब व्हिडिओ कोणी शेवटपर्यंत पाहत नाही, आणि कुठली तीन मिनिटं निवडायची हे ठरवणं हाच छात्राध्यापकाचा पहिला अभ्यास असतो.

कॅमेरा शिक्षकाच्या चेहऱ्यावर ठेवण्याची सवय मोडा. तो मुलाच्या हातावर आणि पाटीवर हवा. शिक्षक कसा उभा होता, आवाजात चढउतार होता का, यावर प्रत्याभरण सोपं असतं आणि म्हणूनच सगळे तेच देतात. पाटी दिसली की मुलाचा विचार दिसतो. शिवाय चेहरा न आल्यामुळे परवानगीची अर्धी डोकेदुखी आपोआप कमी होते.

फोन आडवा धरा, फ्लाइट मोडवर टाका. रेकॉर्डिंग चालू असताना फोन वाजला तर काही हँडसेटवर ते तिथेच तुटतं. खिडकी किंवा दार कॅमेऱ्याच्या पाठीशी हवं. समोर आलं तर पाटी काळी ठिक्कर दिसते. ट्रायपॉड नसला तरी अडत नाही, बाकावर दोन विटा आणि एक रबरबँड पुरतो. व्हिडिओच्या रिझोल्यूशनचं सेटिंग ७२० ठेवा. १०८० वर एका मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी सहज जातात, ७२० वर फोननुसार साधारण साठ ते नव्वद. तीच फाइल एखाद्या व्हिडिओ कॉम्प्रेस अ‍ॅपमधून ४८० वर, सेकंदाला एक मेगाबिट या दराने काढली, तर मिनिटाला साडेसात एमबी होते, म्हणजे तीन मिनिटांची क्लिप बावीस-तेवीस एमबी. दहा जणांच्या आठवड्याच्या क्लिपा सव्वादोनशे एमबीच्या आसपास. एवढा डेटा निघतो, पण सगळ्यांना ऑटो-डाउनलोड बंद करायला आधी सांगून ठेवा.

सर्वात जास्त क्लिपा बाद होतात त्या आवाजामुळे. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की काही ऐकू येत नाही, त्या दिवशी पाटीचे फोटो काढून भागवावं. एरवी दुसरा फोन व्हॉइस रेकॉर्डर चालू करून मुलांच्या घोळक्यात, पुस्तकाखाली नव्हे तर पुस्तकावर, ठेवून द्यावा. चित्र एका फोनचं आणि आवाज दुसऱ्याचा असला तरी चालतो. दोन्ही जोडत बसण्याची गरज नाही, आवाज वेगळा पाठवा.

५२ वजा २७ च्या क्लिपमध्ये टिपायचं काय? मुलाला उत्तर बरोबर की चूक हे न सांगता एवढंच विचारायचं : "कसं केलं ते सांग." उत्तर असं काहीतरी येतं, "दोनातून सात जात नाई, म्हणून म्या सातातून दोन काढले." हे वाक्य म्हणजे सगळी क्लिप. मूल प्रत्येक घर स्वतंत्र मानतंय आणि मोठ्यातून लहान वजा करतंय. त्याला वजाबाकी येते, दशक सुटा होतो हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

ग्रुप

परिपत्रकं, रजा, बैठका यांचा ग्रुप वेगळा करा आणि त्यात फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग ठेवा. चर्चेच्या ग्रुपमध्ये एका आठवड्यात एकच प्रश्न. सोमवारी क्लिप आणि प्रश्न, मंगळवार ते गुरुवार उत्तरं, शुक्रवारी त्या आठवड्याचा संकलक सारं एका मेसेजमध्ये बांधतो. संकलक दर आठवड्याला बदलतो. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी मिळते, तेव्हा ब्लॉगची नोंद लिहून होते. उत्तराला एका दिवसाची मुदत देऊ नका. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो संध्याकाळी शेतातून घरी येतो.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "पाठ कसा वाटला?" असं विचारलं की "खूप छान मॅडम" याशिवाय काही येणार नाही. "मुलाने ३५ उत्तर कोणत्या विचाराने काढलं असेल? उद्या त्याच्यासमोर काय ठेवाल?" असं विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये, एका मिनिटाच्या आत, आणि क्रम ठरलेला : आधी क्लिपमध्ये काय दिसलं, मग शंका, मग सूचना. टायपिंगपेक्षा बोलून लोक मोकळे होतात आणि फाइलही किरकोळ असते. फक्त संकलकाला दहा मेसेज ऐकावे लागतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या मेसेजखाली एका ओळीत मुद्दा लिहावा.

वजाबाकीच्या प्रश्नावर सूचना येतील : तुराटीचे बोटभर तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधा, पाच जुड्या आणि दोन सुटे मुलासमोर ठेवा, सत्तावीस मागा. सात सुटे द्यायला दोनच आहेत हे हाताला कळतं आणि मूल स्वतःहून एक जुडी सोडतं. कोणी म्हणेल, थेट मांडणी दाखवून हातच्याची रीत पाठ करून घ्या. दोघांनी आपापल्या वर्गात दोन्ही करून पाहावं आणि पुढच्या सोमवारी पाटीचे फोटो टाकावेत. वाद असे मिटतात.

एक कडवट गोष्ट. केंद्रप्रमुख किंवा वरचे अधिकारी या ग्रुपमध्ये नसलेले बरे. माणूस कितीही चांगला असो, त्यांच्यासमोर आपल्या वर्गातली चूक कोणी मांडत नाही. त्यांच्यासाठी ब्लॉग आहे, तो त्यांनी वाचावा आणि शिक्षण परिषदेत त्यातला एखादा पाठ चर्चेला घ्यावा. छात्राध्यापिकांच्या फोन नंबरचाही विचार सुरुवातीलाच करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नंबर सर्वांना दिसतो. कोणाला नको असेल तर टेलिग्राम वापरा, तिथे सेटिंगमधून नंबर लपवता येतो.

बोलीचा आवाज

मल्टिमीडिया म्हटलं की स्लाइड आणि अ‍ॅनिमेशन डोळ्यांसमोर येतं. विदर्भात मात्र सर्वात उपयोगी पडते ती साधी ऑडिओ फाइल. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या केळापूर-झरी जामणी भागात कोलामी बोलणारी मुलं पहिलीत येतात. कोरकू मुंडा कुळातली भाषा, गोंडी आणि कोलामी द्राविडी. मराठीची तीन लिंगांची रचना यांत नाही. त्यामुळे मूल "आई आला" म्हणतं ते अज्ञानातून नव्हे, आणि हे बाहेरून आलेल्या छात्राध्यापकाला कोणीतरी सांगायला हवं.

इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने वर्गात लागणारे तीस-चाळीस शब्द आणि दहा वाक्यं (बस, दाखव, तहान लागली का, पुन्हा सांग) गावातल्या एखाद्या आईच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या आवाजात नोंदवावीत. प्रत्येक शब्द दोनदा, मध्ये दोन सेकंदांची शांतता. एका विषयाची एक फाइल, एका मिनिटाच्या आत. त्यांची परवानगी घ्या आणि ब्लॉगवर नाव द्यायचं का तेही विचारा. झाडीबोलीच्या आणि वऱ्हाडीच्या शब्दांनाही हेच लागू आहे.

स्लाइड करायचीच असेल तर एक पथ्य पाळा : पडद्यावर लिहिलेलंच वाक्य वाचून दाखवू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे की चित्रासोबत निवेदन असताना तेच शब्द पडद्यावरही टाकले तर शिकणं सुधारण्याऐवजी बिघडतं. चित्र दाखवा आणि बोला.

ब्लॉग

गूगलची ब्लॉग सेवा ब्लॉगर फुकट आहे आणि पुरेशी आहे. ब्लॉग कोणाच्या वैयक्तिक जीमेलवर उघडू नका. विद्यालयाच्या नावाचं खातं काढा, दोघांना प्रशासक करा, छात्राध्यापकांना लेखक म्हणून जोडा. टिप्पणी तपासूनच प्रसिद्ध होईल असं ठेवा. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात निरर्थक आकडे टाकतो, म्हणून प्रसिद्ध करण्याआधी पर्मालिंकमध्ये रोमन अक्षरांत छोटा पत्ता लिहा. लेबलांची यादी आधीच ठरवून भिंतीवर लावा. 'गणित' आणि 'गणीत' ही ब्लॉगसाठी दोन वेगळी लेबलं असतात आणि वर्षभरात निम्म्या नोंदी अशाच हरवतात.

टंकलेखन युनिकोडमध्येच. कृतिदेव किंवा श्रीलिपीतला जुना मजकूर चिकटवला तर ब्लॉगवर निव्वळ अगम्य चिन्हं उमटतात, कारण ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवतात. तो आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. फोनच्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप होतं, पण ते वऱ्हाडी शब्द 'सुधारून' टाकतं. मुलाचं वाक्य हाताने, जसंच्या तसं लिहा.

नोंद अडीचशे-तीनशे शब्दांची. मी काय होईल असं धरलं होतं, मुलाने नेमकं काय केलं आणि काय म्हणालं, मला त्याचं कारण काय वाटतं, पुढे मी काय बदललं. सोबत पाटीचा एक फोटो. "विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला" या वाक्याला सरळ बंदी घाला. ते लिहिणाऱ्याने वर्गात काहीच पाहिलेलं नसतं.

गुण नोंदींच्या संख्येवर दिलेत तर इंटरनेटवरून उचललेला मजकूर येईल, हल्ली एआयने लिहिलेलाही. ओळखण्याची खूण सोपी आहे, त्यात मुलाचं एकही वाक्य नसतं. सत्रात प्रत्येकाने स्वतः निवडलेल्या दोनच नोंदी तपासा. वीस गुण असतील तर मुलाच्या कामाच्या पुराव्याला सहा, कारणमीमांसेला सहा, बदललेल्या नियोजनाला पाच आणि इतरांना दिलेल्या प्रत्याभरणाला तीन, अशी वाटणी बरी पडते.

परवानगी आणि हक्क

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट आहे. संमतीपत्र मराठीत, अर्ध्या पानाचं करा, पालकांना वाचून दाखवा : काय टिपणार, कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार, आणि नको वाटलं तर काढून टाकू. आश्रमशाळेत पालक दूर असतात, तिथे चेहरा आणि नाव टाळाच. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, मागे शाळेचा फलक येऊ देऊ नका.

यूट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणजे खाजगी नव्हे, लिंक मिळालेल्या कोणालाही तो व्हिडिओ दिसतो. खाजगी हवा असेल तर 'प्रायव्हेट' निवडून ईमेलने निमंत्रण द्या. 'मेड फॉर किड्स' विचारलं की हे व्हिडिओ शिक्षकांसाठी असल्यामुळे 'नाही' निवडा. 'हो' केलं तर टिप्पण्या बंद होतात. बालभारतीच्या पुस्तकांची पानं स्कॅन करून टाकू नका, हक्क पाठ्यपुस्तक मंडळाचे आहेत. दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्यही उतरवून पुन्हा चढवण्याऐवजी त्याची लिंक द्या.

वर्षअखेर

मेमध्ये तुकडी निघून जाण्याआधी ब्लॉगच्या सेटिंगमधून बॅकअप घ्या. त्या फाइलमध्ये मजकूर आणि टिप्पण्या येतात, फोटो येत नाहीत, तेव्हा मूळ फोटो आणि ऑडिओ पेनड्राइव्हवर वेगळे उतरवा. खात्याचा रिकव्हरी नंबर बदली झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या अध्यापकाचार्यांचा राहिला असेल तर तो त्यांच्यासमोरच बदला, कारण ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार. दोन वर्षं कोणी लॉगिन केलं नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं. दर जूनला नव्या तुकडीच्या हजेरीपटासोबत एकदा लॉगिन करा, आणि जुन्या तुकडीचे लेखक काढू नका, त्यांच्या नोंदींवर नवे छात्राध्यापक प्रश्न विचारतील तेव्हा उत्तर द्यायला ते हवेत.