स्वादुपिंडाची दुखापत : सी.टी. किती वाजता काढला, हे आधी विचारा

नागपुरात गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी शिकायला आलेल्या आणि स्वादुपिंडाच्या दुखापतीवर दुर्बिणीने उपचार करण्याची ओढ असलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहीत आहे. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण नेऊन पित्त व स्वादुपिंडाच्या नलिकांवर केली जाणारी तपासणी व उपचार) कशी करतात आणि दुखापतीच्या श्रेणी कोणत्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या प्रशिक्षणात मला सर्वाधिक झुंजवले ते रुग्णासोबत आलेल्या अहवालाने.

आपल्याकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडून रुग्ण पाठवले जातात. मोटारसायकलचे हँडल किंवा गाडीचे स्टिअरिंग पोटावर आदळते, स्वादुपिंड त्या आघाताच्या आणि पाठीच्या मणक्याच्या मध्ये चिरडले जाते, आणि तासा-दोन तासांत जवळच्या शहरात काढलेल्या सी.टी.चा ‘स्वादुपिंड सामान्य’ असा अहवाल फाइलला लागतो. तो खोटा नसतो, सी.टी. फार लवकर काढलेला असतो. पहिल्या 12 तासांत, कधी त्यानंतरही, फाटलेले स्वादुपिंड सी.टी.वर जवळजवळ निरोगी दिसू शकते, आणि पहिल्या 3 तासांतले अमायलेज (रक्तात मोजले जाणारे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य) सामान्य आले तरी त्यावरून काहीही ठरवता येत नाही. रुग्ण नागपुरात पोहोचतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोवर त्या एका ओळीवर सर्वांचा विश्वास बसलेला असतो. म्हणून दुखापतीची वेळ आणि सी.टी.ची वेळ फाइलच्या पहिल्या पानावर शेजारी-शेजारी लिहा. अंतर थोडे असेल आणि पोटदुखी हटत नसेल किंवा अमायलेज चढत असेल, तर सी.टी. पुन्हा करा आणि स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेसाठी एमआरसीपी (नलिका दाखवणारा एमआरआय) मागवा. रात्री असा रुग्ण येतो आहे असे कळले की माझ्या पोटात आजही गोळा येतो, पण या दोन वेळा विचारल्या की विचार ताळ्यावर येतो.

रक्तदाब ढासळत असेल किंवा आतडे फुटल्याची शंका असेल, तर दुर्बिणीचे नाव काढू नका. तो रुग्ण शल्यचिकित्सकाचा आहे. रुग्ण स्थिर असेल आणि नलिका अर्धवट फाटलेली असेल, तर फाटीच्या पलीकडे तार नेऊन स्टेंट (नलिकेत ठेवायची बारीक नळी) बसवता येतो आणि गळती बहुधा थांबते; येथे धीर धरा, हात बसतो. नलिका पूर्ण तुटली असेल, तर तार बहुतेक वेळा पलीकडे जात नाही, आणि रेटत राहणे घातक आहे. व्हिडिओ पाहून हे शिकता येते, असे मला अजिबात वाटत नाही. पित्तनलिकेच्या साध्या खड्यांवर हात बसवा आणि ‘आज थांबू’ असे म्हणू शकणारा गुरू शोधा.

पुढे द्रव साचून गाठ झाली, तर भिंत पक्की होण्यास साधारण 4 आठवडे लागतात. त्यानंतर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडच्या (दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीच्या) साहाय्याने ती जठरात मोकळी करता येते. मात्र आधी सी.टी. अँजिओग्राफीत रक्तवाहिनीचा फुगा नाही, याची खात्री करा. असा फुगा असताना गाठ फोडली, तर रक्तस्राव जीवघेणा ठरतो.

नलिकेतला स्टेंट फार काळ राहिला तर नलिका आकसते, आणि बरे वाटू लागलेला रुग्ण गावाहून परत येत नाही. घरी सोडण्यापूर्वी स्टेंट काढण्याची तारीख ठरवा, ती त्याच्या कागदावर मराठीत लिहा आणि घरच्या एका माणसाला वाचून दाखवा.