गाडीचा कंपनी स्टिरिओ बदलताना

भावा, आधी डॅशबोर्डातली जागा मोज. साधारण १८० बाय ५० मिलिमीटर म्हणजे सिंगल डिन (डिन हे स्टिरिओच्या मापाचं नाव), उंची १०० असली तर डबल. तुझ्या मॉडेलचं कपलर (कंपनीच्या वायरी न कापता जोडायचा प्लग) आणि फ्रेम सोबतच घे. उद्यमनगरातला कितीही हुशार मिस्त्री असू दे, कंपनीची वायर कापू द्यायची नाही.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ, मगच पॅनेलला हात लाव. नव्या सेटची पिवळी वायर कायम सप्लायची, लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या सप्लायची, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल उलटी लागली तर किल्ली बंद केली की सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जातात. स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी बॉडीला टेकवू नकोस, आतला ॲम्प्लिफायर जळतो.

चारही स्पीकर वाजवून बघ, मगच पॅनेल दाब.