नळीतून आहार देताना या चुका टाळा

नाकातल्या नळीतून, म्हणजे राइल्स ट्यूबमधून आहार सुरू झाला की घरच्यांच्या डोक्यात एकच आकडा बसतो: दर दोन-तीन तासांनी 200 मिली. डिस्चार्ज घेऊन रुग्ण कोथरूडला किंवा हडपसरला घरी आला की फ्रीजवरच्या कागदावरही तेवढंच लिहिलेलं असतं. त्या 200 मिलीत कॅलरी किती आणि प्रथिनं किती, हे मात्र कुठेच नसतं. गडबड तिथेच होते.

पचायला हलकं म्हणून पातळ करणं

माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारी चूक हीच. नेहमीच्या फॉर्म्युल्यात, म्हणजे नळीसाठीच बनवलेल्या डब्यातल्या आहारात, साधारण 1 मिलीला 1 किलोकॅलरी असते आणि तो पोटाला झेपेल अशाच बेताने बनवलेला असतो. 60 किलोच्या रुग्णाला दिवसाला साधारण 1500 ते 1800 किलोकॅलरी लागतात. आजार गंभीर असेल तर किलोमागे किमान 1.2 ग्रॅम, म्हणजे 72 ग्रॅम प्रथिनं. पावडर निम्मी केली की हे सगळंच निम्म्यावर येतं, जीवनसत्त्वं आणि क्षारसुद्धा. मग स्नायू झिजतात, पाठीवरचे बेडसोअर (पडून राहून झालेल्या जखमा) भरत नाहीत, आणि घरचे म्हणत राहतात, ‘फीड तर वेळेवर चाललंय.’

पावडर मोजतानाही फसगत होते. ‘इतक्या पाण्यात इतके स्कूप’ आणि ‘तयार फीड इतकं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पावडरही जागा घेते. प्रत्येक कंपनीचा स्कूप निराळा असतो. जुन्या डब्यातला नव्यात वापरू नका.

वरणाचं पाणी, पेज, नारळपाणी

घरचं अन्न पोटात जावं ही माया मला कळते. पण गाळलेल्या वरणाच्या पाण्यात डाळ उरतच नाही. अगदी टोन्ड दूध सहा वेळा 200 मिली दिलं, तरी दिवसाचा हिशोब 700 किलोकॅलरी आणि 36-37 ग्रॅम प्रथिनांच्या आसपासच थांबतो. घरचंच द्यायचं असेल तर आहारतज्ज्ञांकडून मोजमापासह कृती लिहून घ्या: डाळ, भात, तेल, दूध पावडर किती, पाणी किती. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नारळपाणी विचारल्याशिवाय देऊच नका. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

जुलाब झाले की फॉर्म्युल्यालाच दोष

डबा बदलण्याआधी औषधं पाहा. अँटिबायोटिकने जुलाब होतात, आणि पातळ औषधांत गोडीसाठी घातलेल्या सॉर्बिटॉलनेही. दुसरं म्हणजे कालवून ठेवलेलं फीड: पावडरचं फीड बाहेरच्या तापमानाला चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बहुतेक तयार फॉर्म्युल्यांत लॅक्टोज, म्हणजे काहींना न पचणारी दुधातली साखर, नसतं, पण वरून दूध घातलं की ते आलंच. उलटी होत असेल तर उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर आहे ना, सिरिंज जोरात दाबली जात नाही ना, ते बघा आणि डॉक्टरांना कळवा.

किडनीचा डबा, शुगरचा डबा

डायलिसिस सुरू नसलेल्यांसाठी कमी प्रथिनांचा फॉर्म्युला असतो. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाहून जातात, त्यामुळे त्या रुग्णाला उलट जास्त लागतात. मेडिकलमध्ये नुसतं ‘किडनीचा द्या’ म्हणून भागत नाही. मधुमेहाच्या फॉर्म्युल्यात कर्बोदकं कमी असतात. तो सुरू करताना इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम खाली येऊ शकते.

पाण्याचा विसर

मिलीला 1 किलोकॅलरीच्या फॉर्म्युल्यात 80 ते 85 टक्के पाणी असतं, मिलीला 2 किलोकॅलरीच्या दाट फॉर्म्युल्यात ते 70 टक्क्यांच्या आसपास येतं. एप्रिल-मेच्या पुण्यात हा फरक लगेच दिसतो: गडद लघवी, कडक शौच, गुंगी. प्रत्येक फीडच्या आधी आणि नंतर साधारण 30 मिली पाण्याने नळी धुवा. त्याशिवाय वेगळं पाणी किती, ते विचारून घ्या. हृदय किंवा किडनीच्या रुग्णाला मर्यादा असते.

उपाशी रुग्णाला एकदम पूर्ण आहार

बरेच दिवस पोटात काही गेलं नसेल, तर पहिल्याच दिवशी भरपूर दिल्याने रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायकरीत्या घसरू शकतं. अशा वेळी सुरुवात थोडक्याने होते, थायमिन (जीवनसत्त्व बी1) दिलं जातं आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासलं जातं. थोडक्याने म्हणजे कमी मिली. फीडचा दाटपणा तोच राहतो.